जिराफ, उंदीर आणि आपण!

चल, आधी एक गंमत करू. मान खाली घाल. आता मानेच्या मागून पाठीकडे हळूच बोट फिरव. एक टणक उंचवटा लागला? तो बहुधा तुझ्या मानेतला शेवटचा मणका! पाठीच्या कण्यातल्या प्रत्येक हाडाला मणका म्हणतात.

मानेत असे मणके किती? सात!

आता ओळख बघू, जिराफाच्या मानेत किती? त्याची मान तर जवळजवळ दोन मीटर लांब! पन्नास? शंभर?

छे! तिथेही सातच! फक्त त्याचा एकेक मणका जवळजवळ तुझ्या फूटपट्टीएवढा लांब. आणि इवल्याशा उंदराच्या मानेत? सातच! देवमाशाला तर मान आहे असं वाटतही नाही, पण त्यालाही सात. चपटे झालेले, इतकंच.

 

आईचं दूध पिऊन वाढणाऱ्या प्राण्यांना सस्तन प्राणी म्हणतात. त्यांच्यात हा नियम मोडणारे अगदी थोडे. झाडाला उलटा लटकणारा आळशी स्लॉथ त्यातलाच एक! तीन बोटांच्या स्लॉथला बहुधा आठ-नऊ मणके असतात. पाण्यात डुंबणाऱ्या मॅनाटीला सहाच. का बरं? शास्त्रज्ञही यावर अजून डोकं खाजवतात!

आता मान डोलावून 'हो' म्हण. तुझी कवटी पहिल्या मणक्यावर पुढे-मागे झुलली! या मणक्याचं नाव ॲटलस. ग्रीक गोष्टीतला ॲटलस खांद्यावर आकाश पेलायचा. हा बिचारा तुझं डोकं पेलतो. तेही काही हलकं नाही, मोठ्या माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं भरतं!

आता 'नाही' म्हण. दुसऱ्या मणक्यातून वर एक खुंटी आलेली असते. ॲटलस असतो कड्यासारखा गोल. तो त्या खुंटीभोवती फिरतो. जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरते ना, अगदी तशी!

पक्ष्यांचं गणित मात्र निराळं. घुबडाच्या मानेत 14 मणके! त्याला डोळे इकडेतिकडे फिरवताच येत नाहीत. मग बघायचं कसं? अख्खी मानच फिरवायची! एका बाजूला तब्बल 270 अंश, म्हणजे पूर्ण गोल फिरायला फक्त चतकोर कमी!

तुझी हनुवटी मात्र खांद्यापाशी आली की थांब. घुबडाची नक्कल करायला जाऊ नकोस हं!