गाडी धुणे : धूळ, पाणी आणि रंगाचा पापुद्रा

घरची मोटार धुणे हे काम वरवर पाहता इतके सोपे आहे की, त्यात शिकण्यासारखे काही असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. एक बादली, एक जुने फडके आणि अर्ध्या तासाचा वेळ एवढ्या सामग्रीवर ते रोज घरोघरी उरकले जाते. परंतु दोन-तीन वर्षे वापरलेली एखादी काळी किंवा गडद निळी गाडी रात्री दिव्याखाली उभी करून पाहावी. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे बारीक रेघा पसरलेल्या दिसतात. त्यांपैकी फार थोड्या रस्त्यावर पडलेल्या असतात. बहुतेक घरच्या अंगणात, गाडी स्वच्छ करीत असतानाच पडलेल्या असतात. गाडी कशाने मळते हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. ती कशाने झिजते हे समजून घेतले म्हणजे धुण्याची सारी रीत आपोआप उलगडते. तेवढेच येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

उदाहरणासाठी आम्ही ज्या उंच, ऐसपैस गाडीला आज लोक एसयूव्ही म्हणतात तीच घेतो. महाराष्ट्राला ही जात नवी नाही. जीप आपल्या रस्त्यांवर फार पूर्वीपासून होती. १९९८ मध्ये टाटांची सफारी आणि २००२ मध्ये महिंद्रांची स्कॉर्पिओ आली, आणि जीपची उंची व मोटारीचा आराम या दोन्ही गोष्टी कुटुंबाला एकाच वाहनात मिळू लागल्या. धुणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या उंचीची एक अडचण आहे. टपावर हात पोहोचत नाही म्हणून तेथील धूळ तशीच राहते, आणि पहिल्या पावसात किंवा पहिल्या तांब्यासरशी ती ओघळून काचांवर व दारांवर उतरते.

रंगाची जाडी

गाडीचा रंग हा एक थर नसून अनेक थरांची उतरंड असते. पोलादी पत्र्यावर प्रथम जस्ताच्या फॉस्फेटचा संस्कार करतात. नंतर सगळा सांगाडा द्रावणात बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक लेप बसवितात. त्यावर अस्तर, अस्तरावर रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक लेप, ज्याला कारागीर 'क्लिअर कोट' म्हणतात. हे सर्व थर मिळून जाडी सुमारे एकदशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी भरते. पारदर्शक लेप तर त्याच्याही निम्म्याहून कमी, चाळीस-पन्नास मायक्रॉनांच्या आसपास असतो. गाडीची सारी चकाकी या लेपात साठलेली असते, आणि उन्हातील अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षणही तोच करतो. तो एकदा झिजला की घरच्या कोणत्याही उपायाने परत येत नाही.

आता धुळीकडे वळू. खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी मोह्स नावाच्या शास्त्रज्ञाने एक ते दहा अशी श्रेणी ठरविली. तीत साधी काच साडेपाचाच्या आसपास येते. आपल्या काळ्या पाषाणातील प्रमुख खनिजे सहाच्या जवळपास, आणि वाळूतील गारगोटी सातावर. रस्त्याच्या धुळीत पाषाणाचा चुरा आणि बांधकामाची वाळू ही दोन्ही असतात. ज्या कणाने काचेवर ओरखडा पडतो त्यापुढे रंगावरचा तो मऊ लेप काय टिकणार? कोरड्या फडक्याने गाडी पुसणे म्हणजे वस्तुतः अगदी बारीक पॉलिश कागद तिच्या अंगावरून फिरविणे होय. पिसांच्या झाडूनेही तेच घडते, आणि धुळीने भरलेल्या काचेवर कोरडा वायपर चालविल्यानेही तेच.

या रेघा दिव्याभोवती वर्तुळाकार का दिसतात, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. खरे पाहता त्या सर्व दिशांना पडलेल्या असतात. परंतु ज्या रेघा प्रकाशाच्या दिशेला आडव्या असतात तेवढ्याच चमकतात, आणि अशा रेघा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कड्यासारख्या मांडल्या गेल्याचा भास होतो. दिवा हलविला की कडेही त्याच्याबरोबर हलते.

धुण्याचा क्रम

यावरून धुण्याचे पहिले सूत्र निघते : घासण्यापूर्वी जेवढी धूळ पाण्याने वाहून जाईल तेवढी जाऊ द्यावी. गाडी सावलीत उभी करावी आणि वेळ सकाळची किंवा सूर्यास्तानंतरची निवडावी. वैशाखातल्या दुपारी बॉनेटवर हात ठेववत नाही. अशा पत्र्यावर साबणाचे पाणी जागच्या जागी सुकते आणि डाग धरते.

चाके आधी धुवावीत. त्यांवर ब्रेकच्या पॅडांची काळी, धातुमिश्रित भुकटी बसलेली असते, म्हणून त्यांची बादली व त्यांचे फडके वेगळेच असावे. त्यानंतर टपापासून खालपर्यंत साधे पाणी सोडून माती भिजू द्यावी. एसयूव्हीच्या चाकांवरील कमानींत पावसाळ्यात चिखलाचे थर बसतात. ते ओल धरून ठेवतात, आणि जेथे ओल टिकते तेथे गंजाला आरंभ होतो. म्हणून तेथे पाण्याचा जोर वापरण्यास हरकत नाही. समोरच्या जाळीमागील रेडिएटरवर आणि इंजिनाच्या विद्युत् जोडांवर मात्र तो जोर कधीही वापरू नये.

मग साबण. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. तो तेलकटपणाबरोबर गाडीवरचे मेणही काढून नेतो आणि रबराच्या पट्ट्या रुक्ष करतो. भांड्यांचे द्रावणही मेण शिल्लक ठेवीत नाही. गाडीसाठी मिळणारा शाम्पू सौम्य असतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला व दुसरे तेलाला चिकटते, त्यामुळे मळ सुटून पाण्यात तरंगतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. येथे साबणाचे आणखी एक काम आहे. तो फडके व रंग यांच्यामध्ये निसरडा थर निर्माण करतो आणि सुटलेला कण ओरखडा न काढता घसरून जातो. म्हणून फेस किती झाला यापेक्षा हाताला निसरडेपणा लागतो की नाही हे पाहावे.

दोन बादल्या घ्याव्यात : एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. लांब धाग्यांचा मऊ हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा. मग तो साध्या पाण्यात खळबळून पिळावा, आणि त्यानंतरच पुन्हा शाम्पूत बुडवावा. एकाच बादलीत हे सारे केले तर दारावरून काढलेली वाळू आपण बॉनेटवर नेऊन घासतो. हात गोल न फिरविता सरळ रेषेत चालवावा, आणि दाब हाताच्या वजनाहून अधिक नसावा. टपासाठी पक्के स्टूल घ्यावे; दाराच्या चौकटीवर चढून लोंबकळत धुण्यात टपही नीट धुतला जात नाही आणि पायही घसरतो. दारांचा खालचा भाग व मागील दरवाजा सर्वांत शेवटी धुवावा, कारण मळ तेथेच अधिक असतो.

पुसणे

धुऊन झाल्यावर गाडी आपोआप वाळू द्यावी, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पावसाचे किंवा मऊ पाणी असेल तर हे चालेलही. परंतु अनेक ठिकाणी गाडी बोअरच्या पाण्याने धुतली जाते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. थेंब उडून जातो आणि क्षार पांढऱ्या कड्याच्या रूपाने मागे राहतो, अगदी पाणी तापविण्याच्या भांड्यात साचतो तसाच. उन्हात हे कडे पक्के बसते, आणि मग ते काढण्यासाठी घासावे लागते; घासणे तर आपल्याला टाळावयाचे आहे.

म्हणून ताबडतोब टिपून घ्यावे. यासाठी मायक्रोफायबरचे जाड फडके उत्तम. केसाहून कितीतरी बारीक अशा कृत्रिम धाग्यांचे हे कापड पाणी शोषून घेते आणि उरलासुरला कण पृष्ठभागावरून उचलून आपल्या लोकरीत घेते. जुन्या बनियनची शिवण किंवा टॉवेलचा काठ रंगावर रेघ ओढतो. फडके पसरून हलकेच ओढावे, रगडू नये. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा धुतल्याखेरीज वापरू नये. शेवटी दारे उघडून चौकटी पुसाव्यात, दारांच्या खालच्या काठावरील पाणी निघण्याची छिद्रे बुजली आहेत का ते पाहावे, आणि गाडी थोडी चालवून दोन-तीन वेळा हलकेच ब्रेक दाबावा, म्हणजे तबकड्या कोरड्या होतात.

रक्षण

स्वच्छ झालेल्या रंगावर एक बळी जाणारा थर चढविणे, एवढाच रक्षणाचा अर्थ आहे. जे झिजावयाचे ते रंगाऐवजी या थराने झिजावे. यात सर्वांत जुने ते कारनौबा मेण. ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून ते मिळते. आपल्या उन्हात ते काही आठवडे टिकते. कृत्रिम बहुवारिकांचे 'सीलंट' काही महिने टिकतात. सिलिका असलेला 'सिरॅमिक' लेप वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकतो, परंतु तो लावण्यापूर्वी रंग अतिशय काळजीपूर्वक तयार करावा लागतो, आणि तो लावला म्हणजे ओरखडे पडणार नाहीत ही समजूत खरी नाही. ज्याला दर दोन महिन्यांनी एक सकाळ देता येते त्याला मेण पुरेसे आहे, असे आमचे मत आहे.

पक्ष्यांची विष्ठा आणि झाडावरून गळणारे चिकट थेंब यांना मात्र आठवड्याच्या धुण्याची वाट पाहावयास लावू नये. उन्हात तापलेला लेप किंचित मऊ होतो, विष्ठेतील आम्ल त्यात शिरते, आणि गार झाल्यावर तेथे कायमचा खड्डा राहतो. ओले फडके त्यावर दोन मिनिटे ठेवून, मऊ झाल्यावर उचलून घ्यावे. कोकणातून परत आल्यावर गाडीचे पोटही गोड्या पाण्याने धुवावे. समुद्राचे मीठ ओल खेचते आणि गंजाची गती वाढविते. झाकण घालावयाचे असेल तर ते केवळ स्वच्छ व कोरड्या गाडीवर. धुळीवर घातलेले कव्हर वाऱ्याने फडफडत रात्रभर गाडी घासत राहते.

पाण्याचा हिशेब

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या नळीखाली पंधरा लिटरांची बादली किती वेळात भरते ते एकदा मोजावे. ती एका मिनिटात भरत असेल, तर वीस मिनिटे नळी सोडून गाडी धुणाऱ्याने ३०० लिटर पाणी खर्च केले. शहरातील पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी दररोज १३५ लिटरांचा आहे. म्हणजे एका गाडीच्या अंघोळीला दोन माणसांच्या दिवसभराच्या वाट्याहून अधिक पाणी गेले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. वरील रीतीने ते सोळाशे मोटारी धुण्यात संपले असते. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी गाडी धुण्यास वापरणाऱ्यांना ५,००० रुपये दंड ठरविला, तोही टंचाईपायीच.

वर सांगितलेली दोन बादल्यांची रीत, तांब्याने भिजविणे व खळबळणे धरून, चार-पाच बादल्यांत म्हणजे साठ-सत्तर लिटरांत पुरी होते. टंचाईच्या दिवसांत याहूनही कमी लागते. बादलीभर पाण्यात थोडे घालून वापरावयाची, नंतर खळबळण्याची गरज नसलेली द्रावणे मिळतात. गाडीवर नुसती धूळ असेल तर एका बादलीत काम होते. चिखल असेल तेव्हा मात्र ती उपयोगी नाहीत.

राहता राहिला तो माणूस, जो सोसायटीतल्या दहा-पंधरा गाड्या उजाडण्यापूर्वी एका बादलीत आणि एका फडक्यात पुसून जातो. गाडीवर रेघा दिसल्या की आपण त्याला दोष देतो. परंतु रोज पुसावी ही अट आपली असते, आणि बादलीही एकच असते. पगार तोच ठेवून रोजच्या कोरड्या पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा नीट धुण्याचे काम त्याला सांगावे, आणि दुसरी बादली, हातमोजा व चार स्वच्छ फडकी आपण द्यावीत. एवढ्याने गाडीचा रंग टिकेल, पाणी वाचेल, आणि त्या माणसाचे हात रोज पहाटे गार पाण्यात बुडावयाचे वाचतील.