माहितीचे पाणी टेलपर्यंत पोचले पाहिजे



कालव्याच्या मुखाशी ज्याचे वावर, त्याला पाणी आधी. टेलच्या माणसाला उरले तर. पैनगंगेच्या कालव्यावर हे कोणाला सांगायला नको. माहितीचेही तसेच असते. आपला जिल्हा कापसाचा. ऊस आहे तो पुसद, महागाव, उमरखेडकडे, पूस आणि पैनगंगेच्या काठाने. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथून शेकडो किलोमीटर दूर. पूर्वी नवीन जातीचे बेणे तिकडे रुळायचे आणि मग कोणाच्या पाहुण्याबरोबर आपल्याकडे यायचे. ऊसविद्येच्या बाबतीत आपण टेलचेच शेतकरी होतो.

आता घरोघरी मोबाईल आहे. पण मोबाईल आला म्हणजे माहिती आली काय? या लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

खुली विद्या म्हणजे काय?

ज्या जाळ्यावरून आज जगभरची माहिती पाहता येते, ते वर्ल्ड वाइड वेब जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत तयार झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ते तंत्र कोणतेही शुल्क न घेता सर्वांना खुले करून दिले. म्हणूनच ते इतके पसरले. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. ‘को ८६०३२’ मधले ‘को’ म्हणजे कोइमतूर. तिथली सरकारी ऊस पैदास संस्था १९१२ सालची. तिथे निघालेली जात महाराष्ट्रभर पसरली ती एका वावरातून दुसऱ्या वावरात बेणे देत-घेत. शास्त्रज्ञाने खुले केले, शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिले, म्हणून वाढले. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानेही शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, वापरण्याचा आणि देण्या-घेण्याचा हक्क मान्य केला आहे.

वारणेचा धडा

सहकारी साखर कारखाना आणि माहितीचे जाळे यांची गाठ महाराष्ट्रात प्रथम मोठ्या प्रमाणावर पडली ती वारणानगरला. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी संगणक प्रकल्प सुरू केला. गावोगावी संगणक केंद्रे निघाली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, इंटरनेट, सगळे गावात मिळेल अशी मोठी आशा होती.

काही वर्षांनी बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी जाऊन पाहिले, तर इंटरनेट जवळजवळ कोणी वापरत नव्हते. शेतकरी केंद्रावर येत होता तो आपल्या कामाला: माझ्या उसाचे वजन किती भरले, तोडीची परवानगी कधी, खत किती मिळणार. एवढ्यासाठी महागडा संगणक, त्याची वीज आणि दुरुस्ती!

तेव्हा सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग झाला. संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरून एसएमएस पाठवायचा आणि कारखान्याकडून उत्तर मिळवायचे. संगणकाचे सगळे काम त्या एसएमएसने झाले. खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही तीच पद्धत जास्त पसंत पडली. २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यातून आम्ही घेतलेला धडा असा: यंत्र मोठे की लहान हा प्रश्न नाही. सभासदाला स्वतःची माहिती, स्वतःच्या भाषेत, त्याच्याकडे आहे त्याच साधनावर मिळाली, तरच ती खुली झाली म्हणायची.

दोन महिन्यांचा फरक

एक उदाहरण घ्या. लागण १५ नोव्हेंबरची आहे आणि नोंदीत चुकून १५ जानेवारी पडली. पूर्वहंगामी ऊस कागदावर सुरू झाला! पाळी दोन महिने मागे गेली. आपल्याकडे मार्चनंतरचे ऊन तुम्ही जाणताच. तयार ऊस उभा वाळतो, वजन घटते, खोडवाही उशिरा धरला जातो. एका आकड्याने एवढे नुकसान. नोंद सभासदाच्या डोळ्यांखालून गेली असती तर ती त्याच दिवशी दुरुस्त झाली असती.

हिशेब स्वतः मांडा

भावाचेही तसेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे वाढतात, घटला की तेवढेच कमी होतात. मात्र ९.५ टक्के किंवा त्याखाली उतारा आला तरी ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली दर जात नाही. समजा हिशेबाला धरलेला उतारा १०.७५ आहे. म्हणजे पाच टप्पे जास्त. ३५५ मध्ये १७ रुपये ३० पैसे मिळवा. ३७२ रुपये ३० पैसे झाले. टनाला ३,७२३ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. पुढे दरसाल १५ टक्के व्याज लागते. चौथी शिकणारे पोर हे गणित करील, पण त्याला उताऱ्याचा, तोडणी-वाहतुकीचा आणि काट्याचा आकडा हवा.

कायद्याने दिलेला हक्क

२००५ चा माहिती अधिकार कायदा सहकारी संस्थांना सरसकट लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. म्हणून सभासदाच्या हाती काही नाही असे समजू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम ३२ वाचा. उपविधी, मागील लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, संचालकांची यादी, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्ते आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयात विनामूल्य पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. लेखी मागणी करून फी भरली की एक महिन्यात नक्कल मिळाली पाहिजे. विचारणारा सभासद म्हणजे तक्रारखोर, असे कोणी मानू नये. तो मालक आहे, बरं का!

पारखून घ्या

जाळे खुले असले की गाळही वाहून येतो. ‘एकरी शंभर टन’ म्हणून बाटलीतले टॉनिक विकणारे फोनवर पुष्कळ भेटतात. विद्यापीठाची शिफारस मात्र फुकट मिळते. सुरू उसाला हेक्टरी नत्र २५०, स्फुरद ११५ आणि पालाश ११५ किलो ही राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. मातीपरीक्षण करून त्यात कमी-जास्त करावे. शंका आली तर २००४ पासून चालू असलेल्या किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत विचारता येते. आणि ‘उसाचे बिल जमा करतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्यावा.

हंगामाआधी एवढे करा

१. गट ऑफिसात नोंदलेला मोबाईल क्रमांक आपलाच आहे ना, ते पाहा. पुण्याला नोकरीवर असलेल्या मुलाचा क्रमांक असेल तर तोडीचा निरोप पुण्यात वाजेल आणि टोळी इकडे वावरात उभी राहील.

२. लागणीची तारीख, क्षेत्र, जात आणि गट नंबर स्वतः वाचा, किंवा वाचून घ्या.

३. प्रत्येक खेपेची काटापावती जपून ठेवा आणि बिलाशी ताडून पाहा.

४. शेजारी एखादी एकटी माउली किंवा अक्षरओळख नसलेला म्हातारा सभासद असेल, तर आपल्याबरोबर त्यांचीही नोंद तपासा.

चौथे काम आम्हाला सर्वात महत्त्वाचे वाटते. ज्याच्याकडे चांगला फोन आणि शिकलेला मुलगा आहे, त्याला माहिती कशीही मिळतेच. त्या माउलीचे बिल तिला स्वतःला समजले, म्हणजे माहिती टेलला पोचली असे आम्ही मानू.