टेम्पो : कारखान्याचं नाव, बाजाराचा शब्द

‘टेम्पो बोलवा’ असं आपण म्हणतो, तेव्हा अमुक एका कंपनीची गाडी यावी असं आपल्या मनात नसतं. सामान मावलं आणि भाड्याचं जमलं की झालं! पण हा शब्द मुळात एका कारखान्याचं नाव आहे. शब्द कुठून आला हे पाहण्याची खोड कवीला असतेच. या शब्दाचा माग काढत गेलं की आपण जर्मनीतल्या हॅम्बुर्गला पोहोचतो.

तिथली ‘विडाल अँड सोन’ ही कंपनी ‘टेम्पो’ या नावानं मालवाहू तीनचाकी बनवत असे. टेम्पो म्हणजे गती, लय. शब्द मूळचा इटालियन, गवयाच्या बैठकीत शोभणारा. १९४९ साली या कंपनीनं ‘मॅटाडोर’ ही चारचाकी व्हॅन आणली. मॅटाडोर म्हणजे स्पेनमध्ये बैलाशी झुंजणारा वीर. तिला इंजिन होतं फोक्सवॅगनचं. १९५० साली फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन आली, आणि पुढे ही इंजिनं मिळणं बंद झालं. मॅटाडोरनं दुसऱ्यांची इंजिनं घेतली आणि ती टिकली.

या गाडीची खुबी तिच्या पुढच्या चाकांत होती. ट्रकमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. त्यासाठी खालून लांब दांडा न्यावा लागतो, आणि माल ठेवायचा हौदा उंच होतो. मॅटाडोरमध्ये पुढचीच चाकं गाडी ओढत. मागे दांडा नाही, म्हणून हौदा जमिनीजवळ ठेवता येई. दिवसाला शेकडो पोती चढवणाऱ्या हमालाला या वीतभर फरकाचं मोल विचारा! त्याची दुसरी बाजूही होती. मागे माल भरला आणि चढ लागला की भार मागे सरकतो, पुढच्या चाकांची पकड सैल होते. घाटात चालकाचा कस लागे.

भारतात हे नाव १९५८ साली आलं. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकारानं ‘बजाज टेम्पो’ कंपनी निघाली आणि मुंबईत गोरेगावला ‘हॅन्सिॲट’ ही तीनचाकी बनू लागली. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला. १९६९ पासून मॅटाडोर तयार होऊ लागली. बैलगाडी आणि मोठा ट्रक यांच्या मधली जागा तिनं भरली. ज्याचा माल ट्रकभर नाही आणि हातगाडीवर मावतही नाही, अशा छोट्या व्यापाऱ्याची ही गाडी.

आमच्या मोहल्ल्यात एक चाचा कर्ज काढून घेतलेली मॅटाडोर चालवत. पहाटे भाजी, दुपारी मांडवाचं सामान, सणासुदीला गणपतीची मूर्ती, निकाहाच्या दावतीचे देग. हप्ता फिटेपर्यंत चाचींनी अंगावर नवा दागिना घातला नाही. सात माणसांचं घर त्या चार चाकांवर चाललं.

जर्मनीत टेम्पो कंपनी आधी हॅनोमागकडे आणि मग डेमलर-बेंझकडे गेली, आणि ते नाव गाड्यांवरून पुसलं गेलं. आपल्याकडे १९८६ साली टाटांची ४०७ आली, २००५ साली छोटी ‘एस’ आली. मॅटाडोरचं उत्पादन थांबलं. त्याच २००५ साली बजाज टेम्पोनं आपलं नाव बदलून ‘फोर्स मोटर्स’ केलं. कंपनीच्या नावातूनही टेम्पो गेला.

लोकांच्या तोंडून मात्र तो गेला नाही. विदर्भात आजही माल ‘मेटॅडोर’मध्ये भरतात, मग ती गाडी कुणाचीही असो. जम्मूत मिनीबसला मेटाडोर म्हणतात. १९८७ साली आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ला आपण अजून टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतो. शब्दकोशात शब्द घालायला पंडित लागतात असा आपला समज आहे. हा शब्द मराठीत आणला तो हमालांनी, चालकांनी आणि भाडं ठरवणाऱ्या गिऱ्हाइकांनी. त्यांनी त्याचा पुल्लिंगी टेम्पो केला, त्याला ‘टेम्पोवाला’ जोडला आणि कामाला लावला.