नेट बंद पडले, मदत कुणाकडे मागावी?

आम्हा नंदुरबारकरांना सुरत काही परकी नाही. लग्नाच्या साड्या सुरतेच्या, मोठ्या दुखण्याचा डॉक्टर सुरतेचा, आणि प्रत्येक गल्लीतले कुणी ना कुणी उधना, लिंबायत नाही तर डिंडोलीत राहायला गेलेले. माझी आत्याही बरीच वर्षे उधन्याला आहे. आतेभाऊ घराच्या खालच्या मजल्यावर साड्यांवरच्या भरतकामाच्या दोन मशिनी चालवतो. या मशिनी आता संगणकावर चालतात. व्यापारी नक्षीची फाईल नेटवरून पाठवतो, ती मशिनीत घातली की सुया धावू लागतात. नेट बंद तर मशीन बंद, कारागिरांची मजुरी मात्र चालूच!

दिवाळीच्या आधी नेमके तेच झाले. आतेभावाने मोबाईलवर आपल्या इंटरनेट कंपनीचे नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असे शोधले. जो नंबर सर्वांत वर आला तो फिरवला. पलीकडचा माणूस मोठा गोड बोलणारा. “तक्रार नोंदवायला फक्त दहा रुपये भरा, आणि मी सांगतो ते ॲप घ्या, म्हणजे मला इथूनच दुरुस्ती करता येईल.” त्या ॲपमधून आतेभावाच्या मोबाईलचा पडदा त्या माणसाला जसाच्या तसा दिसू लागला. पिनही दिसला, बँकेचे संदेशही दिसले. दहा मिनिटांत खात्यातून ३८ हजार रुपये गेले. कारागिरांच्या बोनसचे पैसे होते ते.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो तर आत्या दारातच म्हणाली, “भाऊ, नेट अजून बंदच शे!”

वाचकहो, मी मराठीचा प्राध्यापक. संगणक हा माझा विषय नव्हे. पण बारावीतला पुतण्या हुशार निघाला. पैसे गेल्याचा संदेश येताच त्याने आधी मोबाईलचा डेटा बंद केला, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या क्रमांकाला कळवले. सायबर फसवणुकीसाठीची ही सरकारी मदतवाहिनी सगळ्या देशासाठी आहे. इथे व्यवहाराचा क्रमांक लगेच सांगितला, तर पैसे पुढच्या खात्यांत जिथे असतील तिथे अडवण्याचा प्रयत्न होतो. इथे तास-अर्ध्या तासाचा प्रश्न असतो, ‘उद्या बघू’ चालत नाही. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर रीतसर तक्रार नोंदवावी लागते. तीही त्याने केली होती. सोळा हजार अडकवून ठेवल्याचे बँकेने कळवले.

आता नेटचे काय झाले होते? पुतण्याने मला राउटरवर लाल दिवा दाखवला. त्याखाली ‘एलओएस’ अशी अक्षरे. याचा अर्थ बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाही. हल्लीची तार तांब्याची नसते, केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून प्रकाश येतो, आणि धागा जास्त वाकला की तो वाटेतच बाहेर निसटतो. दिवाळीच्या साफसफाईत कपाट भिंतीला टेकवले होते आणि तार त्यामागे दुमडली होती. कपाट पुढे ओढले, लाल दिवा गेला! अडतीस हजारांचे दुखणे कपाटामागे होते. (शिवाय मोबाईलचा हॉटस्पॉट लावून फाईल उतरवता आली असती, हे त्या गडबडीत कुणालाच सुचले नाही.)

दिवे ठीक असूनही नेट चालत नसेल तर पुतण्या ‘पिंग’ करतो. १९८३ साली माईक मूस या अमेरिकन माणसाने हा छोटा प्रोग्राम लिहिला, नाव पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. संगणकाने एखाद्या पत्त्याला हाक मारायची आणि ‘ओ’ येते का पाहायचे. आधी राउटरला हाक, त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. हा वाड्याच्या आतल्या खोलीचा क्रमांक म्हणा ना, लाखो घरांत तोच, बाहेर त्याला अर्थ नाही. तिथून ‘ओ’ आली नाही तर दोष घरातच, वायफायचा किंवा राउटरचा. मग ८.८.८.८ ला हाक, हा गूगलचा बाहेरचा पत्ता. तो बोलतो, पण संकेतस्थळाचे नाव टाकले की काही उघडत नाही, असे असेल तर तार शाबूत आहे, नावावरून पत्ता काढून देणारी यंत्रणा अडली आहे. एवढे सांगता आले की कंपनीचा माणूसही आपल्याला गुंडाळत नाही.

वेगाचाही एक घोळ. जाहिरातीतले १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाईल मात्र बाइटमध्ये मोजतात, म्हणून आठाने भागा. साडेबारा मेगाबाइट आले तरी कंपनी खोटी नाही. ट्रायचे ‘मायस्पीड’ हे ॲप मोबाईलवरचा वेग मोजून देते.

कंपनीचा नंबर बिलावरून घ्यावा, किंवा तिच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून. तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते, त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेकाची तक्रार सोडवत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ग्राहक मदतवाहिनी १९१५ आहेच. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर (हे २०२३ मध्ये सुरू झाले) आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसते, हरवलेला मोबाईल बंद करता येतो, आणि संशयास्पद फोन आला तर तिथल्या ‘चक्षू’वर कळवता येतो.

शिकायचे म्हटले तर पुतण्याला सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीचे प्राथमिक पाठ आवडले, ते फुकट आहेत. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची नेटवर्कवरची व्याख्यानेही आहेत. पण बहुतेक इंग्रजीत! आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ मराठी आवाजातही मिळतात, मात्र ते मुख्यतः लिनक्स, लिबरऑफिस अशा मुक्त सॉफ्टवेअरचे. राउटर कसा लावावा हे मराठीत नीट सांगणारे मला काही सापडले नाही. आमच्या भाषेच्या विभागांनी परिसंवाद थोडे कमी करून हे काम घ्यायला हरकत नव्हती.

निघण्यापूर्वी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर १९३०, बँकेचा नंबर आणि बिलावरचा नंबर ठळक लिहिला आणि राउटरच्या वर चिकटवला. आतेभावाने त्याखाली स्वतःच्या तक्रारीचा क्रमांक लिहिला. त्याचे सोळा हजार अजून सुटलेले नाहीत, बाकीच्यांचा पत्ता नाही. बोनस त्याने उसने घेऊन वाटला.