भातखाचरातील जीवाणू व प्राणवायू

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, राजूर व भंडारदरा या परिसरात, भात हे पावसाळ्यातील प्रमुख पीक होय. चिखलणी होऊन खाचरात पाणी साचले म्हणजे मातीच्या कणांमधील हवा निघून जाते. प्राणवायूचे विसरण पाण्यात हवेच्या मानाने सुमारे १०,००० पटींनी मंद असल्यामुळे तिची भरपाई होत नाही, आणि मातीत उरलेला प्राणवायू जीवाणू लवकरच संपवून टाकतात. त्यानंतरही त्यांचे जीवन थांबत नाही. केवळ श्वसनाचे साधन बदलते. शेतकऱ्याने घातलेल्या नत्राचे भवितव्य याच बदलावर अवलंबून असते.

सेंद्रिय पदार्थांच्या विघटनातून मुक्त होणारे इलेक्ट्रॉन अखेरीस स्वीकारणे, हे श्वसनातील प्राणवायूचे कार्य होय. इलेक्ट्रॉनांच्या या प्रवासात मिळणारी ऊर्जा एटीपीच्या रूपाने साठवली जाते व तिच्यावरच पेशींची वाढ चालते. ग्लुकोजच्या एका रेणूच्या किण्वनातून सामान्यतः २ एटीपी मिळतात. प्राणवायूच्या साहाय्याने होणाऱ्या श्वसनात ही प्राप्ती कित्येक पटींनी अधिक असते. म्हणूनच तितक्याच अन्नावर वायुजीवी वाढ अधिक होते.

प्राणवायू संपल्यावर इलेक्ट्रॉन स्वीकारण्याचे काम क्रमाने नायट्रेट, मँगनीज, लोह व सल्फेट यांच्याकडे जाते. शेवटी कार्बन डायऑक्साइड वा ॲसिटेट यांपासून मिथेन निर्माण होतो. या क्रमात प्रत्येक पायरीगणिक मिळणारी ऊर्जा घटत जाते. लोहाच्या क्षपणामुळेच तांबूस माती पाण्याखाली करडी दिसू लागते.

खाचरातील मातीचा अगदी वरचा, काही मिलिमीटर जाडीचा थर मात्र पाण्यातून झिरपणाऱ्या प्राणवायूमुळे वायुयुक्त राहतो. या थरातील जीवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. ते नायट्रेट खालच्या वायुहीन थरात उतरले, की तेथील जीवाणू प्राणवायूऐवजी त्याचाच उपयोग करतात व नत्र वायुरूपाने हवेत निघून जाते. याला विनायट्रीकरण म्हणतात. खाचर वारंवार सुकवून पुन्हा भरल्यास ही साखळी पुनःपुन्हा घडते. उलटपक्षी, पाणी काढल्याने मिथेनची निर्मिती घटते; तेव्हा पाण्याचे नियोजन करताना हे दोन्ही परिणाम तोलावे लागतात.

महाराष्ट्रातील चारसूत्री भातलागवडीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्यभागी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात, त्यामागील एक कारण हेच होय. त्या खोलीवर प्राणवायूच्या अभावी नायट्रीकरण जवळजवळ होत नाही. अमोनियमचा धनभारित आयन चिकणमातीच्या कणांना धरून राहतो व मुळांना हळूहळू उपलब्ध होतो. वरून फेकलेला युरिया मात्र पाण्यात विरघळून वरच्या थरातच राहतो. तेथे त्याचा काही भाग अमोनिया वायूच्या रूपानेही नष्ट होतो. खताची मात्रा समान असूनही पिकास मिळणारे नत्र भिन्न का, याचे उत्तर अशा रीतीने बव्हंशी जीवाणूंच्या श्वसनात सापडते.