मंद हो! असं दिव्याला कसं सांगायचं?

आकाशकंदिलात दिवा लावणं सोपं. बटण दाबलं की झालं. पण तो दिवा हळूहळू उजळायला हवा, पणतीच्या ज्योतीसारखा थरथरायला हवा, मनात आलं की लालाचा निळा व्हायला हवा, आणि हे सगळं घरातल्या संगणकासमोर बसून करायचंय! जमेल? जमेल की!

संगणक आणि दिवा यांच्यामध्ये एक मध्यस्थ लागतो. त्याचं नाव आर्डुइनो. तळहातावर मावणारा हा सर्किट बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात, विद्यार्थ्यांना सहज वापरता यावा म्हणून तयार झाला. यूएसबी केबलने तो संगणकाला जोडायचा. आता कीबोर्डवर छोट्या लिपीतलं ‘आर’ टाइप करून पाठवा. केबलमधून अक्षर जात नाही बरं का, जातो ११४ हा आकडा! बोर्डात तुम्ही आधीच प्रोग्रॅम भरून ठेवलेला असतो: ११४ आला तर लाल दिवा लाव. संपलं!

पण ‘मंद हो’ कसं सांगायचं? इथे खरी गंमत आहे. बोर्डाच्या पिनला दोनच गोष्टी येतात: ५ व्होल्ट द्यायचे, नाहीतर शून्य. मधलं काही नाही. मग बोर्ड काय करतो, तर त्याला जोडलेला छोटा दिवा, म्हणजे एलईडी, सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद करतो. किती वेळ चालू ठेवायचा, हे तुम्ही ० ते २५५ मधल्या आकड्याने सांगता. ६४ सांगितलंत तर एलईडी पाव वेळ चालू, पाऊण वेळ बंद. एवढी भराभर उघडझाप आपल्या डोळ्यांना वेगळी दिसत नाही. सगळं मिसळून मंद उजेड दिसतो. म्हणजे दिवा मंद झालेलाच नसतो! तो प्रत्येक वेळी पूर्ण तेजाने पेटतो, फक्त थोडाच वेळ.

खोटं वाटतं? मग खोलीत अंधार करा, लांब तारेला जोडलेला तो एलईडी हातात धरा आणि झपकन आडवा हलवा. हवेत सलग रेघ उमटत नाही, तुटक तुटक ठिपके दिसतात. उजेडाच्या मधला अंधार डोळ्यांनी बघायला मिळतो. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्याला हात हलवण्यापलीकडे काहीच लागत नाही.

डोळ्यांची आणखी एक खोड आहे. आकडा ५ वरून १५ केला की उजेड चांगलाच वाढलेला दिसतो; २४० वरून २५० केला तर पत्ताही लागत नाही. म्हणून दिवा एकसारखा उजळत जायला हवा असेल, तर सुरुवातीला छोटी छोटी पावलं टाकायची आणि पुढे मोठ्या उड्या मारायच्या. आणि ज्योतीची थरथर हवी असेल तर? बोर्डाला सांगायचं, मनाला येईल तो आकडा घे, क्षणभर थांब, पुन्हा दुसरा घे.

रंगांसाठी एलईडीची पट्टी मिळते. तिच्या प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी असतात. (लाल एलईडी १९६२ पासून होता, पण झगझगीत निळा करायला १९९० चं दशक उजाडलं. तो करणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) तिघांना २५६-२५६ पायऱ्या, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ रंग!

पट्टीत दिवे ५० असले तरी निरोपाची तार एकच. वर्गात वह्या वाटताना पहिल्या बाकावरची मुलं आपली वही ठेवून उरलेला गठ्ठा मागे देतात ना, तसंच इथे चालतं. पहिला दिवा आपल्या वाट्याचा रंग ठेवून घेतो, बाकीचे पुढे ढकलतो. ५० दिव्यांना निरोप पोहोचायला दीड मिलिसेकंद पुरतो.

वीज मात्र जपून. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलिअँपिअर खातो. ५० दिवे म्हणजे ३ अँपिअर! संगणकाच्या साध्या यूएसबीतून मिळतात ५०० मिलिअँपिअर. म्हणून पट्टीला ५ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर लावायचा, आणि त्याची ग्राउंडची, म्हणजे शून्य व्होल्टची, तार बोर्डाच्या ग्राउंडला जोडायला विसरायचं नाही. सगळा खेळ ५ व्होल्टचाच. भिंतीतल्या २३० व्होल्टला हात लावायचा नाही, आणि जोडणी करताना घरातलं कुणीतरी मोठं शेजारी हवं.

लाल सांगितल्यावर हिरवा लागला, तर घाबरू नका. अशा बऱ्याच पट्ट्या हिरव्याचा आकडा आधी घेतात; प्रोग्रॅममध्ये क्रम बदला. आणि पट्टी मध्येच कुठून तरी पुढे अंधारी झाली, तर पहिला न लागणारा दिवा आणि त्याच्या आधीचा, हे दोघे तपासा. गठ्ठा बहुतेक तिथेच अडलेला असतो.