पुलावरचा खून आणि प्रेक्षकांचे दोन तट

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन आणि स्वीडनमधील माल्मो या दोन शहरांना २००० सालापासून ओरेसुंडचा पूल जोडतो. जवळपास आठ किलोमीटर लांबीच्या या पुलावरचे दिवे एका रात्री मालवतात आणि पुन्हा लागतात, तेव्हा नेमक्या सीमारेषेवर एका स्त्रीचा मृतदेह पडलेला दिसतो. उचलू जाता तो एकीचा नव्हे, दोघींचा निघतो : वरचा अर्धा भाग स्वीडिश राजकारणी स्त्रीचा, खालचा एका डॅनिश वेश्येचा. गुन्हा कोणत्या देशाच्या हद्दीतला, या पेचातून दोन्हीकडचे पोलीस एकत्र येतात. ‘द ब्रिज’ या मालिकेचा हा आरंभ. २०११ ते २०१८ या काळात तिची चार पर्वे झाली. मालिका संपली; तिच्याविषयीचे मतभेद संपलेले नाहीत.

पहिला आक्षेप रहस्याच्या बांधणीवर आहे. पहिल्या पर्वातील खुनी स्वतःला समाजाचा आरसा म्हणवून घेतो. कायद्यापुढची विषमता, बेघरांची उपेक्षा, मनोरुग्णांची हेळसांड अशा पाच प्रश्नांकडे लक्ष वेधण्यासाठी आपण हे करीत आहोत, असा त्याचा दावा असतो. पुढे कळते की या साऱ्यामागे एक खासगी सूड होता. येथे फसवणूक झाल्याची भावना अनेकांच्या मनात उरली. इतके गंभीर प्रश्न मांडायचे आणि ते केवळ पडद्यासारखे वापरायचे, ही लेखक हान्स रोसेनफेल्ट यांची पळवाट आहे, असे ते म्हणतात. खुनी सदैव पोलिसांच्या चार पावले पुढे कसा, हाही त्यांचा रास्त प्रश्न. उलट पक्षाच्या मते उदात्त तत्त्वाच्या आड वैयक्तिक द्वेष दडणे हेच तर मालिकेला दाखवायचे आहे. हा बचाव चतुर असला तरी त्या पाच प्रश्नांचे पुढे काय झाले, याचे उत्तर त्यात नाही.

खरी चुरस मात्र सागा नोरेन या स्वीडिश पोलीस अधिकारी स्त्रीभोवती आहे. सोफिया हेलीन यांनी रंगविलेली सागा खोटे बोलत नाही, आडपडदा ठेवत नाही आणि समोरच्याच्या भावना तिला चटकन उमगत नाहीत. तिच्या या स्वभावाला मालिकेने कोणतेही वैद्यकीय नाव दिलेले नाही. स्वमग्नतेशी जवळचा परिचय असलेल्या काही प्रेक्षकांना तिच्यात प्रथमच आपले माणूस सन्मानाने दिसले. काहींना ती हशा पिकविण्यासाठी ताणलेली वाटली.

या वादाची कसोटी दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस लागते. (मालिका पाहावयाची राहिली असेल त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडावा.)

पहिल्याच भागात सागा गुन्ह्याच्या जागेवरून एका रुग्णवाहिकेला जाऊ देत नाही. किम बोडनिया यांनी साकारलेला डॅनिश सहकारी मार्टिन रोडे मात्र माणुसकीपोटी वाट मोकळी करतो आणि सागा त्याची तक्रार करायला निघते. पुढे हाच मार्टिन तिचा बहुधा एकमेव मित्र होतो. त्याच्या मुलाचा बळी घेणारा खुनी तुरुंगात विषप्रयोगाने मरतो, तेव्हा सागाचा संशय मित्रावर जातो आणि ती तो वरिष्ठांना सांगते. हा विश्वासघात आहे, असे मानणारे आजही तिला क्षमा करीत नाहीत. तथापि रुग्णवाहिकेच्या प्रसंगी जिने नियम मोडला नाही, तिने येथे गप्प राहणे म्हणजे व्यक्तिरेखेशीच दगा ठरला असता. मालिकेतील सर्वांत प्रामाणिक क्षण हाच. बोडनिया पुढच्या पर्वात नाहीत, आणि ती पोकळी टूरे लिंडहार्ट यांच्या हेन्रिकने भरली की नाही, यावरही पुन्हा दोन तट आहेत.

इंग्रजी उपशीर्षकांवर विसंबणाऱ्यांच्या हातून एक गोष्ट निसटते. सागा स्वीडिशमध्ये विचारते, मार्टिन डॅनिशमध्ये उत्तर देतो, आणि दोघांचेही भागते. उपशीर्षकांत हा भेद पुसला जातो. बाजारात कोकणीतल्या प्रश्नाला मराठीतून उत्तर देणाऱ्या गोमंतकीयांना त्यातली गंमत समजावून सांगावी लागणार नाही.

रूपांतरांविषयीही असेच. २०१३ मध्ये अमेरिकी आवृत्तीने मृतदेह एल पासो आणि ह्वारेझ यांच्यामधल्या पुलावर ठेवला, तर इंग्रज-फ्रेंच आवृत्तीने इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात. मूळ मालिकेतली सीमा बिनबोभाट ओलांडता येते. अमेरिका-मेक्सिको सीमेवर दारिद्र्य, अमली पदार्थ आणि बेपत्ता मुलींचे प्रश्न आपोआप कथेत शिरतात. म्हणूनच काहींना ती आवृत्ती अधिक वजनदार वाटली. ती दोन पर्वांत आटोपली.